दिसेल असा बस

पाळणाघराच्या बाईंना ती मनातल्या मनात जेलर म्हणायची. बाई आपल्याला काय म्हणत असतील याचीही तिला कल्पना होती, आणि ते जेलरपेक्षा वाईटच असणार याची खात्री होती.

सगळं बिनसलं ते कॅमेऱ्यापासून. पाळणाघराच्या मोठ्या खोलीत बाईंनी छताला कॅमेरा बसवून घेतला आणि सगळ्या आयांच्या फोनवर त्याचं अ‍ॅप आलं. बाकीच्या आयांनी चार दिवस कौतुकाने बघितलं आणि सोडून दिलं. हिने नाही सोडलं. फर्निचर विकणाऱ्या एका ऑनलाइन कंपनीत दिवसभर गिऱ्हाइकांच्या तक्रारींना चॅटवर उत्तरं द्यायची तिची नोकरी. कपाटाचं दार का लागत नाही हे कुणाला तरी समजावत असताना मांडीवरच्या फोनमध्ये तिचा तीन वर्षांचा गोटू ठोकळे रचताना दिसायचा. अ‍ॅपमध्ये बोलायचंही बटण होतं. ते दाबलं की इकडचा आवाज तिकडे छतातून यायचा. गोटू जरा कडेला सरकला की ती तोंडावर हात धरून कुजबुजायची, "गोटू, कुठे चाललास? आईला दिसेल असा बस, राजा."

तरी नाही दिसला तर सरळ फोन.

"गोटू दिसत नाहीये."

"शू करायला गेलाय."

"मघाशीही तेच म्हणालात."

"मघाशी दुसरीला गेला होता. सविस्तर सांगू का?"

ऑफिसात तिच्या स्वतःच्या नावापुढे एक हिरवा ठिपका असायचा. माऊस जरा वेळ हलला नाही की तो पिवळा व्हायचा आणि टीम लीडरचा मेसेज टपकायचा, 'आहात ना?' तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "माणसं आहोत की गुरं?" असं ती शेजारच्या चष्मेवालीला म्हणायची, दोन शिव्या हासडायची आणि टेबलाखाली फोन उघडून गोटू जागेवर आहे ना ते बघायची.

मध्यंतरी एका दुपारी फोनमध्ये खोली रिकामी दिसली. एकही पोर नाही. बाई फोन उचलेनात. आयांच्या ग्रुपवर तिने लिहिलं, 'मुलं गायब आहेत!!' दोघी जणी हातातली कामं टाकून धावत सुटल्या. मुलं मागच्या अंगणात वाळूत खेळत होती. त्या दोघींपैकी एकीने दुसऱ्याच दिवशी मुलीला तिथून काढलं. उगाच शंका नको, म्हणाली. त्या दिवशी संध्याकाळी बाईंनी गोटूची पिशवी तिच्या हातात न देता उंबऱ्यावर ठेवली.

त्यानंतर गोटू कॅमेऱ्यात अगदी कायम दिसायला लागला. तिला वाटलं, चला, जेलर सुधारली.

मग एका रविवारी ते सासूबाईंना घेऊन बागेत गेले. नवऱ्याने चादर अंथरली. बाकीची पोरं घसरगुंडीवर तुटून पडली होती आणि गोटू चादरीच्या मधोमध मांडी घालून बसला होता. त्याचा चेंडू घरंगळत गवतात गेला. तो चादरीच्या काठापर्यंत सरकला, चेंडूकडे बघितलं आणि परत मागे येऊन बसला.

"अरे, घे की उचलून," नवरा म्हणाला.

"तो बाहेर गेला," गोटू म्हणाला.

"किती गुणी गं बाई!" सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "नाहीतर याचा बाप. याला बांधून ठेवायला लागायचं."

रात्री तिने नवऱ्याला गाठलं. "याला तिथे मारतात."

"कॅमेऱ्यात दिसलं असतं ना. दिवसभर दुसरं काय बघतेस?"

"कॅमेऱ्यासमोर कोण मारेल? जरा डोकं वापर."

"मग काढ तिथून."

"आणि ठेवू कुठे? तुझ्या खिशात?"

पाळणाघरं काही रस्त्यावर पडलेली नव्हती. हे सुटलं तर नोकरी सुटणार होती. पण पोराला मारत असतील तर नोकरी गेली खड्ड्यात. बाईंना रंगेहाथ पकडायचं तिने ठरवलं. अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि कुणालाही न सांगता निघाली. रिक्षात पूर्णवेळ फोन डोळ्यांसमोर होता. गोटू सतरंजीवर होता. एकटाच.

पुढून बेल वाजवली तर सावध होतील म्हणून ती मागच्या फाटकाने शिरली. अंगणात कल्ला चालला होता. पाण्याच्या टबाभोवती सगळी पोरं ओलीचिंब, वाळूने माखलेली, आणि त्यांच्यात बाई कोपरापर्यंत भिजून खिदळत होत्या. हिला बघताच त्यांचं हसू मिटलं.

"गोटू कुठाय?"

"आत. तुम्हाला दिसतोय की फोनमध्ये."

ती तरातरा आत गेली. मोठ्या खोलीत सतरंजी, सतरंजीवर गोटू, आणि सतरंजीच्या चारी बाजूंनी जमिनीवर पिवळी चिकटपट्टी लावलेली. कॅमेऱ्याला जेवढं दिसतं तेवढीच जागा तिच्या आत आखून घेतली होती, म्हणून फोनमध्ये पट्टी कधी दिसली नव्हती. बाई हात पुसत मागे आल्या आणि टब दिसेल अशा दारात उभ्या राहिल्या.

"हे काय आहे?" तिचा आवाज चिरकला. "बाकीची पोरं बाहेर आणि माझं एकटंच कोंडून ठेवलंय?"

"दार उघडं आहे. कोंडलं कुठे?"

"तीन वर्षांच्या पोराला शिक्षा करताय तुम्ही. लाज नाही वाटत?"

"तुमचा फोन आला की मला पोरं टाकून आत पळायला लागतं. टबात पाणी असतं, बाई. तुमच्या एका पोरापायी दुसरं कुणाचं बुडालं तर? ग्रुपवर माझी अब्रू काढलीत, तेव्हा ठरवलं. गोटूच्या आईला गोटू दिसला पाहिजे ना? दिसू दे. पोटभर बघा."

"सूड उगवताय!"

"हो," बाई शांतपणे म्हणाल्या. "थोडासा. पण मी नुसती पट्टी लावली. 'इथे बस' असं मी म्हटलेलं नाही. पहिल्या दिवशी मीच त्याला हाताला धरून नेत होते अंगणात, तर वरून आवाज आला. तो हात सोडवून पळत परत आला. तो आवाज कुणाचा, ते तुम्हीच सांगा."

"काहीही बरळू नका. गोटू, ऊठ. चल बाहेर, खेळायला."

गोटू तिला बघून खुलला होता. तो उठला, धावला आणि पिवळ्या पट्टीशी गचकन थांबला. आई तीन पावलांवर हात पसरून उभी होती. त्याने मान वर केली आणि छताला विचारलं, "आई, जाऊ?"

"अरे, मी इथे आहे! जा म्हणतेय ना मी!"

गोटूने एकदा तिच्याकडे बघितलं, परत वर बघितलं आणि वाट बघत उभा राहिला. त्याचा खालचा ओठ थरथरायला लागला.

"मला हसू नका," ती बाईंना म्हणाली.

"मी कुठे हसतेय?"

खरंच, बाई हसत नव्हत्या. तिने पर्समधून फोन काढला. बटण दाबून ती फोनमध्ये बोलली, "जा, गोटू. बाहेर जा, राजा," आणि तिचाच आवाज, जरा चेपलेला, छतातून खोलीत पडला. गोटूचा चेहरा मोकळा झाला. पट्टी ओलांडून तो तिच्या बाजूने अंगणाकडे पळाला.

"अ‍ॅप काढा," बाई म्हणाल्या. "माझ्यासमोर. नाहीतर उद्यापासून दुसरीकडे बघा."

"काढते. पण त्याला खरचटलं जरी, तरी तुम्हाला सोडणार नाही मी."

"खरचटणार. पोर आहे ते. नीट ऐकून घ्या."

तिने अ‍ॅप काढलं, फोन बाईंच्या नाकासमोर धरून दाखवला आणि दारात गेली. गोटू टबाजवळ उभा होता. हात कोरडे होते. भिंतीवर, पन्हळीवर, गच्चीच्या कठड्यावर तो काहीतरी शोधत होता.

"गोटू!" तिने हाक मारली.

तो वरच बघत राहिला.

"गोटू! इकडे! अरे, इकडे बघ!" ती घसा ताणून ओरडली. टबाभोवतीची सगळी पोरं खेळ थांबवून तिच्याकडे बघायला लागली. गोटू तेवढा कठड्याकडे तोंड करून, पाय जुळवून, आज्ञाधारकपणे उभा होता.