तांदळाला तार सुटत नाही

आमच्या घरात गहू येत नाही. दारावर तशी पाटी नाही, पण येणारा-जाणारा ती वाचल्यासारखाच वागतो. कोणी बिस्किटांचा पुडा आणला तर तो बाहेरच्या बाकावर राहतो आणि जाताना ज्याचा त्याने परत न्यायचा. सुरुवातीला माणसे रागावली. आता सवय झाली आहे.

हे सगळे सूनबाईसाठी. तिला सिलिअॅक आहे. गव्हात आणि जवात जो चिकटपणा असतो, ज्याला ग्लुटेन म्हणतात, तो तिला सोसत नाही. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितले होते की आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते, हिची ती झडून सपाट झाली आहे, म्हणून खाल्लेले अंगी लागत नाही. गव्हाचा कण जरी पोटात गेला तरी शरीर स्वतःवरच उलटते. औषध नाही. जन्मभर पथ्य, एवढेच.

ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून चौकटीत बसवते. केसाइतकीही चूक न चालणारे काम. दुखणे कळले तेव्हा तिचे हात इतके थरथरत होते की मालकाने तिला काचांवरून काढून गल्ल्यावर बसवले होते. त्याचे तिला पोटदुखीपेक्षा जास्त लागले.

आमचे घर पाववाल्याचे. माझ्या यजमानांचा जन्म भट्टीपुढे गेला. ते गेले, भट्टी बंद झाली, पण पीठ कुठे जाते लगेच? फळ्यांच्या सांध्यात, चाळणीच्या कडेला, कपाटामागे होतेच. मुलाने तोंडाला फडके बांधून सगळे घर ओल्या कापडाने पुसले. लाटणे, चाळण्या, पाव भाजायचे यंत्र, सगळे गेले. ह्यांची पीठ मळायची लाकडी काथवटसुद्धा गेली. लाकूड पीठ पिते, कितीही धुतले तरी सोडत नाही. ह्यांच्या हाताखाली शिकलेला एक जण कोपऱ्यावर स्वतःची भट्टी चालवतो. सगळे त्याला भट्टीवालाच म्हणतात. काथवट त्याने डोक्यावर घेऊन नेली.

एक बरणी मात्र राहिली.

दह्याला विरजण लागते तसे पावाला खमीर लागते. आमचे खमीर ह्यांच्या वडिलांच्या हातचे. काचेच्या बरणीत, रोज मूठभर नवे पीठ आणि पाणी घालून जिवंत ठेवलेले. शेवटच्या दुखण्यात ह्यांनी माझा हात धरून एकच मागितले होते. "त्याला उपाशी ठेवू नकोस." तेव्हापासून माझा नेम आहे. पहाटे उठायचे, अंघोळ करायची, दिवा लावायचा, जप करायचा आणि मग बरणीत पीठ घालायचे. त्याच्या पोटात पडेपर्यंत माझ्या पोटात पाणी नाही आणि तोंडातून शब्द नाही. मौन मोडायचे ते बरणीचे झाकण लावल्यावर.

गहू घराबाहेर काढायचा ठरला तेव्हा मी बरणीकडेच बघत होते. सूनबाईच म्हणाली, "आई, तुमचा नेम कशाला मोडायचा? तांदळाचं पीठ घाला ना. जुना गहू होईल हळूहळू नाहीसा."

"चालेल का गं तुला?"

"तांदूळ मला चालतो, तर त्यालाही चालेल. दोघं एकाच पंगतीत."

मुलगा हसून म्हणाला, "घ्या. आता बरणीलाही पथ्य."

आम्हा तिघांनाही ते बरोबर वाटले.

तांदळाच्या पिठाला तार सुटत नाही. पाववाल्याच्या बायकोला हे सांगावे लागत नाही. गव्हाचे खमीर चमच्याने उचलले तर रबरासारखे ताणते, फुगते, डोके वर काढते. तांदळाचे बसते. भेगा पडतात, वर पाणी सुटते. आमचेही तसेच झाले. रोज पीठ घालत होते, पण बरणीकडे बघवत नसे. आजारी माणसाने ताटातले चिवडत बसावे तसे ते दिसे.

सूनबाई मात्र सुधारली. गालांवर रंग आला, तोंडातले फोड गेले. रक्ताच्या तपासणीतला वाईट आकडा उतरला. मालकाने तिला पुन्हा काचांवर बसवले, त्या दिवशी ती घरी आली ती पायरीवरूनच ओरडत, "आई, एकही काच फुटली नाही!"

मग एका पहाटे मी बरणी उघडली आणि खमीर झाकणाला टेकले होते.

मी चमचा घातला. वर उचलला. तार सुटली. लांब, चिवट, न तुटणारी. माझा हात खांद्यापर्यंत गेला तरी ती तुटेना. वासही ताज्या भट्टीचा. मौन होते म्हणून मी देवाचे नावसुद्धा मोठ्याने घेतले नाही.

त्याच आठवड्यात सूनबाईचे पोट फुगायला लागले. पुन्हा तोंडात फोड, पुन्हा थकवा. डोक्यात धुके भरल्यासारखे वाटते म्हणाली. मुलाने फौजदारासारखी चौकशी मांडली.

"काल दुकानात काय खाल्लंस?"

"घरचा डबा."

"ओठाला काय लावलंस?"

"काही नाही हो. तुम्ही आता माझी नखंसुद्धा तपासा."

"तपासणारच आहे. आई, तू?"

"मला काय विचारतोस? मी काय ओठाला लावते?"

तो हसला, पण हसणे टिकले नाही. अन्नात ग्लुटेन आहे का ते सांगणाऱ्या पट्ट्या मिळतात, त्या त्याने मागवल्या. एक रेघ उमटली तर अन्न स्वच्छ, दोन उमटल्या तर नाही. त्याने तांदळाच्या पिठाचा नवा पुडा तपासला. एक रेघ. मीठ, मसाले, तेल, एकेक रेघ. मग बरणी. दोन रेघा, दुसरी पहिलीपेक्षा गडद.

"आई, तू यात गहू घालतेस?"

"घरात गहू आहे कुठे, की घालू?"

त्याने माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. माझे बोलणे त्याला खरे वाटले, आणि तेच त्याला जड गेले. बरणी रिकामी करून, उकळत्या पाण्याने धुऊन, तळातले चमचाभर ठेवून मी तांदळावर पुन्हा सुरुवात केली. दुसऱ्या पहाटे ते झाकणाला टेकले होते.

डॉक्टरीणबाईंनी नवा आकडा पाहिला आणि चष्मा काढून ठेवला. म्हणाल्या, "पथ्य खरंच पाळत असाल आणि तरी हे असं असेल, तर हा वेगळा, वाईट प्रकार असू शकतो. पुढच्या तपासणीत उतार नसेल तर दवाखान्यात ठेवून मोठी औषधं सुरू करावी लागतील. त्यांचीही शाश्वती नसते." रस्त्यात सूनबाईने माझा दंड धरला होता, आणि तिची बोटे लाकडाच्या काड्यांसारखी लागत होती.

त्यानंतर मला आवाज ऐकू येऊ लागला.

माझी देवाची जागा स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून आहे. जपाला बसले, खिडकीत जेमतेम उजाडत होते, आणि भिंतीपलीकडे कणीक ओट्यावर आपटल्याचा आवाज आला. थप्. मग दाबल्याचा, वळल्याचा. मग थोडे थांबून एक दमलेला श्वास. पुन्हा थप्. हा आवाज मी आयुष्यभर ऐकलेला. मौनात "कोण आहे?" म्हणता येत नाही. मी माळ पूर्ण केली, उठले, आत गेले. ओटा कोरडा. पण उन्हाच्या तिरिपेत धूळ तरंगते तशी बारीक पांढरी धूळ हवेत होती आणि हळूहळू खाली बसत होती. पातेल्यांवर, तांदळाच्या डब्यावर, सूनबाईच्या वेगळ्या ताटलीवर.

बरणीच्या झाकणावर पिठाचा अंगठा उमटला होता. रुंद, आणि शेंड्याला तिरका कापलेला.

ह्यांच्या उजव्या अंगठ्याचे टोक तरुणपणीच पीठ मळायच्या यंत्रात गेले होते.

खरे सांगायचे तर मला भीती वाटली नाही. आधी वाटले, आले. मग लक्षात आले, का आले. गव्हावर वाढलेले खमीर तांदळावर जगत होते, पण पोट भरत नव्हते. ज्याने मरताना त्याची भूक पाहिली त्याला मेल्यावर ती कशी दिसणार नाही? मी रोज सगळे पुसून काढू लागले. ताटल्या पुन्हा धुऊ लागले. कोणाला सांगितले नाही, कारण काय सांगणार? तरी रोज कुठेतरी राहून जायचे. आणि ती पोर रोज थोडी थोडी वाळत होती. दुकानात तिच्या हातून लागोपाठ काचा फुटल्या. मालकाने "घरी बसा काही दिवस" म्हटले.

त्या पहाटे मी जपाला बसले होते. आत थप् थप् चालू होते, नेहमीपेक्षा जोरात. स्वयंपाकघराचे दार लोटलेले, आणि दाराच्या फटीतून धूळ बाहेर येत होती. तेवढ्यात मागे पावले वाजली. सूनबाई. केस सुटलेले, डोळे अर्धे मिटलेले, हातात पाण्याचा रिकामा तांब्या. ती सरळ दाराकडे निघाली.

मी हात हलवला. तिने पाहिले नाही. तिचा हात दाराला लागला.

"थांब!"

माझाच आवाज मला परका वाटला. पहाटेच्या त्या वेळी या घरात माझा आवाज कोणी ऐकला नव्हता. ती जागच्या जागी थिजली.

"आई, तुम्ही बोललात?"

"आत जाऊ नकोस. मागे ये. तोंडावर पदर धर."

"आत कोण आहे?" आता तिलाही ऐकू येत होते. थप्. श्वास. थप्. तिने माझा हात पकडला. "हे तर पलीकडे झोपलेत. मग कोण आहे आत?"

"तुझे सासरे."

ती या घरात आली त्याच्या आधीच हे गेले होते. मग ती अगदी हळू म्हणाली, "त्यांनी मला पाहिलंच नाही ना कधी."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ह्यांना ठाऊकच नव्हते. बरणी तेवढी ओळखीची, बाकी घर नवे. माझे मौन असे, त्यामुळे रोज भिंतीपलीकडे येऊनही माझ्याकडून त्यांना एक अक्षर मिळाले नव्हते.

मी तिला माझ्या मागे घेतले आणि बंद दारापाशी उभी राहिले.

"अहो," मी म्हटले, "ऐकता का? ही आपली सून. तुमच्या मुलाची बायको. गुणाची आहे, कामाची आहे. हिला गहू सोसत नाही. तुमच्या हातचं पीठ हिच्या ताटात पडतंय आणि ही मरायला लागली आहे."

आतला आवाज थांबला. तो अर्ध्यात थांबला, कणीक उचललेली असताना थांबावा तसा.

"बरणी मी उपाशी ठेवणार नाही. शब्द दिलाय. पण इथं नाही. आजच कोपऱ्यावर नेऊन देते, तुमच्या शिष्याकडे. तुम्ही तिकडे जा. आता या घरात येऊ नका."

मागून सूनबाई रडत होती, ती माझ्यासाठी की स्वतःसाठी कोण जाणे. खूप वेळाने आत काहीतरी मऊ, जड वस्तू ओट्यावर हलकेच ठेवल्यासारखे वाजले. मग काही नाही.

भट्टीवाल्याने बरणी दोन्ही हातांनी घेतली. मी त्याच्या दारात शिरले नाही, रस्त्यावरूनच दिली.

"काकू, काकांनी मला जिवंतपणी याला हात लावू दिला नाही हो. म्हणायचे, आधी अंगठा कापून ये."

"आता लाव. पण उपाशी ठेवू नकोस."

"माझी बायको उपाशी राहील, हे नाही."

"तिलाही ठेवू नकोस मेल्या."

मुलाने घर पुन्हा छतापासून पुसले. या वेळी त्याने का म्हणून विचारले नाही. पुढच्या तपासणीत आकडा उतरला, त्याच्या पुढच्या वेळी आणखी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सापडलं वाटतं कुठून येत होतं ते?" सूनबाई म्हणाली, "हो. घरातलंच माणूस होतं. समजावल्यावर समजलं." ती पुन्हा काचा घासते आहे.

रोज जप झाला की मी कोपऱ्यावर जाऊन रस्त्यापलीकडून विचारते, "घातलं का रे?" मग घरी येऊन पाणी पिते. परवा भट्टीवाला दारात येऊन डोके खाजवत म्हणाला, "काकू, मी घालायच्या आधीच कोणीतरी घालून जातं. कारागीर म्हणतो तो नाही. पाव मात्र फुगतोय, अगदी काकांच्या वेळी फुगायचा तसा."

"मग चांगलंच आहे की," मी म्हटले.

एक गोष्ट मी त्याला सांगितली नाही. हे भट्टीवरून पहाटे घरी यायचे तेव्हा दार वाजवत नसत, कडी नुसती हलवत. मी कितीही झोपेत असले तरी उठून उघडायची. आता जपाला बसले की कधी कधी तशीच कडी हलते. बाहेरून, हलकेच. सूनबाई पलीकडे झोपलेली असते, तिचा श्वास मला ऐकू येतो.

"बरी आहे हो ती," मी दाराकडे बघून म्हणते. माझ्या मौनातून तेवढे मी देवाकडून मागून घेतले आहे.

मग उजाडल्यावर ओले फडके घेऊन बाहेर जाते. कडीवर पिठाचा अंगठा असतो, शेंड्याला तिरका कापलेला. तो पुसते, फडके बाहेरच टाकते, कोपरापर्यंत हात धुते आणि आत येऊन पोरीसाठी तांदूळ शिजत ठेवते. हेही आता माझ्या नेमात बसले आहे.

कडी मात्र मी काढत नाही. ह्यांनी ती हलवली आणि मी उघडले नाही, असे आयुष्यात कधी झाले नव्हते.