सहा पायांचा पक्षी

नाबर मास्तरांनी काठीचे टोक झाडाच्या बुंध्यावर ठोकलेल्या पत्र्याच्या पाटीवर आपटले.

"अशोक म्हणे! हा अशोक? हा आसुपालव. पण नगरपालिकेत बसलेल्या गाढवांना कोण सांगणार? लोक येतात, पाटी वाचतात आणि सीतामाई ह्याच्याच खाली बसली होती असं समजून हात जोडून जातात."

पाटीवर 'आसुपालव' असेच लिहिले होते. मास्तरांची तीन पत्रे गेल्यावर लवू माळ्याने ती गेल्या शिमग्याआधीच बदलली होती. सुभद्राबाईंनी ती अक्षरे वाचली, नवऱ्याकडे एकदा पाहिले आणि त्या पुढे चालू लागल्या.

तळ्याच्या काठाने बाग लांबट पसरली होती. पाण्याकडच्या बाजूला कर्दळीचे वाफे होते, लाल आणि पिवळे, शाळेच्या कवायतीला उभे केल्यासारखे सरळ. मास्तरांना त्यांचाही राग होता.

"उंडी लावायची, सुरंगी लावायची, तामण लावायची. आपल्या मातीतली झाडं. तर यांनी कर्दळ लावली! शेंगदाण्याची टरफलं टाकायला जागा हवी ना. या गावाला दोनच पक्षी ठाऊक आहेत. कावळा आणि कोंबडी. एक पितरांसाठी, एक पोटासाठी." ते थांबले. दुर्बीण डोळ्यांना लावून त्यांनी तळ्याच्या मध्यावर रोखली. "लिही. टिबुकल्या, चार."

पाण्यावर चार नारळाच्या करवंट्या तरंगत होत्या. पलीकडे कमळांच्या पानांत खरोखरच एक टिबुकली होती; तिने बुडी मारली आणि दहा हातांवर वर आली. बाईंनी लिहिले, 'टिबुकली, एक.'

"वाच."

"टिबुकल्या, चार," बाई म्हणाल्या.

हे असे तीन वर्षे चालले होते. मास्तर पंचावन्न साली हायस्कुलातून निवृत्त झाले आणि त्याच दिवाळीपासून रोज सकाळी आणि संध्याकाळी बागेत येऊ लागले. गावातल्या पक्ष्यांची आणि झाडांची शास्त्रशुद्ध यादी करायची, असे त्यांनी ठरवले होते. विद्वान माणसाने पाहावे आणि सांगावे, लिहायला कोणीही चालते, असे ते म्हणत. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. तो शब्द घरात कोणी उच्चारला नव्हता. वर्तमानपत्राची छपाई बिघडली होती, कंदिलाची काच काळी पडली होती, दुर्बिणीला दमट हवेने बुरशी धरली होती, असेच मास्तरांचे म्हणणे असे.

पहिल्यांदा घडले तेव्हा बाईंना त्यांची दयाच आली होती. पलीकडच्या घाटावर धोब्याने धोतर वाळत घातले होते आणि मास्तरांनी "मोठा बगळा, एक" असे सांगितले. बाईंची पेन्सिल कागदावर अडली. जवळच्या दगडावर एक ढोकरी मान आखडून बसली होती. त्यांनी तिचे नाव लिहिले. लोक हसू नयेत, एवढेच मनात होते. मास्तरांनी "वाच" म्हटले तेव्हा त्यांनी मोठा बगळा वाचला.

मग दया कधी संपली ते बाईंनाही सांगता आले नसते. मास्तर दुपारी झोपले, की त्या कपाटातले चित्रांचे जाडजूड पुस्तक काढून बसत. वेंगुर्ल्याला माहेरी असताना त्या इंग्रजी चौथीपर्यंत शिकल्या होत्या. तेवढे इंग्रजी पुरले. चोच, शेपूट, पायांचा रंग, अंड्यांवरचे ठिपके. संध्याकाळी बागेत शेजारी मास्तर बोलत असत आणि बाई पाहत असत. दिसणाऱ्या गोष्टी इतक्या होत्या, की शेजारच्या आवाजाकडे त्यांचे लक्षच राहत नसे.

घरात मालवणी बोलायला बंदी होती. लग्नानंतर चौथ्या दिवशी त्यांच्या तोंडून "माका" निघाले, तेव्हा मास्तरांनी जेवणाचे ताट सरकवले होते. "ही मासे विकणाऱ्यांची भाषा माझ्या घरात नको." त्या दिवसापासून बाई शुद्ध बोलत. फक्त लवूशी, मास्तर दोन पावले पुढे गेले की, त्या हळूच आपल्या भाषेत बोलून घेत.

लवूनेच श्रावणात सांगितले होते, "वयनीनू, त्या कमळांत घरटा आसा. बघा."

पानांवरून चालणारा कमळपक्षी. तरंगत्या पाल्यावर चार अंडी. बाईंनी रोज पाहिले. दोघांतला मोठा पक्षी अंडी घालून तळ्याच्या दुसऱ्या टोकाला निघून गेला, आणि तिथे दुसऱ्याच एकाबरोबर फिरू लागला. धाकटा मागे राहिला. पावसाच्या सरी अंगावर घेत त्यानेच अंडी उबवली. पुस्तकात मादी मोठी आणि नर लहान असे दिले होते. बाईंनी तारखा घातल्या आणि लिहिले. एका संध्याकाळी सर कोसळली. अंड्यांतून निघालेल्या पिलांपैकी दोन धावत आली, नर खाली बसला, आणि उठला तेव्हा त्याच्या पंखांखालून बारीक काड्यांसारखे पाय लोंबत होते. दोन पिलांचे चार आणि त्याचे दोन. 'आज पक्ष्याला सहा पाय दिसले,' असे बाईंनी वहीत लिहिले. छत्रीखाली शेजारी उभे राहून मास्तर तेव्हा गावातल्या लोकांना छत्रीसुद्धा धरता येत नाही, याबद्दल बोलत होते.

भाद्रपदात मास्तरांनी यादीची स्वच्छ प्रत करून मुंबईच्या एका प्राध्यापकांकडे पाठवायला सांगितली. बाईंनी वहीत होते ते उतरवले. शेवटी मास्तरांनी बोटाने जागा चाचपून सही केली.

आणि आता कार्तिकात ते प्राध्यापक स्वतः आले. सबनीस त्यांचे नाव. साध्या सदऱ्यातले, पन्नाशीचे, कमी बोलणारे गृहस्थ. ते वेंगुर्ल्याला बोटीतून उतरून एसटीने सकाळीच पोचले होते, आणि हातात ती स्वच्छ प्रत घेऊन बागेच्या फाटकापाशी उभे होते.

मास्तरांनी त्यांना सगळी बाग दाखवली. बकुळीपाशी थांबून त्यांनी गावाला दोष दिला, कैलासपतीपाशी थांबून सरकारला. सबनीस "हो का" म्हणत होते. बाई दोन पावले मागून वही घेऊन चालत होत्या. तळ्याच्या पायऱ्यांपाशी दगडी बाक होते, तिथे तिघे थांबले.

"मास्तर, खरं सांगू? मी एका वाक्यासाठी आलो," सबनीस म्हणाले. "'आज पक्ष्याला सहा पाय दिसले.' हे मी तीनदा वाचलं. पुस्तकांत याचा उल्लेख आहे, पण प्रत्यक्ष पाहिलेला माणूस मला आजवर भेटला नव्हता."

मास्तरांची काठी जमिनीवर टेकलेली होती. ती किंचित वळली.

"सहा पाय," ते म्हणाले. मग त्यांनी घसा साफ केला. "हो. दृश्यच तसं होतं. मादीने पिलांना पंखाखाली घेतलं होतं. आईची माया ती. पक्ष्यांत काय आणि माणसांत काय."

"मादी?" सबनीसांनी कागद उलटले. "इथे नर लिहिलंय. अंडी नराने उबवली, मादी पलीकडे गेली, अगदी तारखांनिशी."

"वहीत बघू," मास्तर म्हणाले. "काय लिहिलंय गं?"

"नर," बाई म्हणाल्या.

मास्तर मोठ्याने हसले. वाफ्यात खुरपणारा लवू मान वर करून पाहू लागला.

"ही आमच्या लेखनिकाची कृपा! वेंगुर्ल्याच्या आहेत आमच्या सौभाग्यवती. बांगड्याची पारख सांगतील, पक्ष्याची काय सांगणार? तीन वर्षं शेजारी बसून ऐकतेय, पण डोक्यात काही शिरेल तर शपथ. नर अंडी उबवतो! उद्या लिहील, नाबर मास्तर घरी भाकऱ्या थापतात." त्यांनी काठी बाकावर आपटली. "खोड ते. मादी लिही."

"मास्तर, राहू द्या ना," सबनीस घाईने म्हणाले, "उलट पुस्तकांत सुद्धा..."

पण बाईंनी वही उघडली होती. त्या बाकाच्या टोकाला बसल्या आणि वही गुडघ्यावर ठेवून पेन्सिलीने 'नर' या शब्दावर एक आडवी रेघ ओढली. वर लिहिले, 'मादी'. पान उलटले. पुन्हा रेघ, पुन्हा 'मादी'. नऊ ठिकाणी तो शब्द होता. नऊही ठिकाणी त्यांनी तो सावकाश, अक्षर न बिघडवता खोडला. सबनीस पाहत राहिले. बाईंच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही नव्हते. भांड्याला लागलेली राख पुसावी तसे त्या काम करत होत्या.

"झालं," त्या म्हणाल्या.

त्याच वेळी समोर कमळाच्या पानांत हालचाल झाली. लांब बोटे पसरत, एकेक पान तोलत कमळपक्षी उघड्यावर आला. पायऱ्यांपासून तो दहा हातांवरसुद्धा नव्हता.

"तो पाहा, आलाच," सबनीस हळू आवाजात म्हणाले.

मास्तरांनी झटक्याने दुर्बीण डोळ्यांना लावली, आणि ती घाटावरच्या धोब्याच्या दगडाकडे रोखली.

"सुंदर," ते म्हणाले. "मान पाहा कशी धरलीय."

सबनीसांनी दुर्बीण कुठे वळली आहे ते पाहिले. मग बाईंकडे पाहिले. बाई पक्ष्याकडे पाहत होत्या. पक्ष्याने पानावरचा किडा टिपला आणि तो पुन्हा दाटीत शिरला.

"सुंदरच," सबनीस म्हणाले.

त्यानंतर ते फार थांबले नाहीत. दुपारची गाडी गाठायची होती. निघताना त्यांनी मास्तरांना नमस्कार केला, दोन चांगले शब्द बोलले, आणि मग बाईंसमोर येऊन उभे राहिले.

"माझ्याजवळच्या प्रतीत 'नर'च आहे, बाई," ते म्हणाले. "ते मी तसंच ठेवणार आहे. पुढेही काही दिसलं तर कळवा. पाकिटावर तुमचंच नाव घाला."

बाईंनी मान हलवली. सबनीस फाटकातून बाहेर पडले.

मास्तर बाकावर बसून राहिले. ऊन चढले. लवू खुरपे घेऊन दुसऱ्या वाफ्याकडे गेला. बाईंना वाटले, आता गावाचा, मुंबईच्या लोकांचा, आजकालच्या प्राध्यापकांचा उद्धार सुरू होईल. त्या वाट पाहत होत्या. तसे काहीच झाले नाही.

"तो पक्षी खंय होतो?" मास्तरांनी विचारले.

बाईंनी चमकून वळून पाहिले. सासूबाई गेल्या त्या रात्रीनंतर ही भाषा मास्तरांच्या तोंडून बाईंनी ऐकली नव्हती.

"समोर होता. पायरीच्या खालीच."

"आनी मी खंय बघत होतंय?"

"घाटाकडे."

मास्तरांनी दुर्बीण गळ्यातून काढली आणि मांडीवर ठेवली. तिच्या पट्ट्याशी त्यांची बोटे चाळा करत राहिली.

"माका दिसना नाय गो," ते म्हणाले.

"ठाऊक आहे मला."

"कधीपासून?"

"तीन वर्षं झाली."

पाण्यावर कसलातरी आवाज झाला, तेव्हा मास्तरांनी मान वर केली. पण दुर्बिणीला त्यांनी हात लावला नाही.

"ते सहा पाय. तूच बघलंस?"

"हो."

"आनी खरांच तो नर होतो?"

"नरच होता. बावीस दिवस मी रोज पाहिला."

"मगे खोडलंस कित्याक?"

बाई उठल्या. लुगड्याला लागलेली धूळ त्यांनी झटकली.

"तुम्ही सांगितलंत म्हणून," त्या म्हणाल्या.

आणि त्या फाटकाकडे चालू लागल्या. मागे मास्तर घाईने उठल्याचे, काठी दगडाला लागल्याचे, मग पायवाट चाचपडत असल्याचे त्यांना ऐकू येत होते. रोज त्या अशा वेळी मागे वळत आणि "पायरी आहे" म्हणून हात पुढे करत. आज त्यांनी फक्त "पायरी आहे" एवढेच सांगितले, आणि तेही न वळता.