गारठलेलं रक्त

सकाळी साडेनऊला एका मुलीचा काका बर्फाचा डबा घेऊन प्रयोगशाळेत आला. तपासनीस बाईंनी आतली नळी हातात घेतली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हे गार केलंत?"

"मग! दूध नासतं, हे तर रक्त."

"काका, रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशी असतात, प्लेटलेट. त्या नीट काम करतात का, ते बघायचंय. गारठल्या की त्या बिघडतात. मुलीलाच घेऊन या. इथंच रक्त काढू आणि लगेच तपासू."

काकानं आवाज खाली आणला. "तिला कशी आणणार? समोरच्याच इमारतीत मुलाची आत्या राहते. लग्न ठरलंय."

लग्न ठरलेल्या मुलीनं आजारी असू नये, हा आपल्याकडचा अलिखित कायदा! ही मुलगी दर महिन्याला दहा-दहा दिवस रक्तस्रावानं बेजार व्हायची. दात घासताना बेसिन लाल व्हायचं. टॉन्सिल काढायचे ठरले म्हणून डॉक्टरांनी ही तपासणी सांगितली. नाहीतर झाकली मूठ तशीच सासरी गेली असती.

दुसऱ्या दिवशी कंपाउंडरनं घरीच चार ठिकाणी टोचून काढलेलं रक्त आलं. नळीत गुठळी होती, तपासायच्या पेशी त्यातच अडकलेल्या. बाईंनी तेही परत केलं.

"नॉर्मल लिहून टाका ना," काका वैतागला. "परवा ऑपरेशन आहे."

"लिहीन हो. आणि टेबलावर तिचं रक्त थांबलं नाही, तर माझा कागद लावणार का जखमेला?"

त्या दुपारी मुलगी स्वतःच आली. मागोमाग धापा टाकत आई. बाकं माणसांनी भरली होती, तरी मुलीनं तोंड लपवलं नाही. बाईंनी तिला खुर्चीत बसवलं. "दहा दिवसांत काही गोळी घेतलीस?"

"सकाळी डोकं दुखत होतं तिचं," आईच म्हणाली. "अ‍ॅस्पिरिन दिली मी."

बाईंनी सुई खाली ठेवली. "त्या गोळीनं या पेशी आठ-दहा दिवस मंदावतात. आज तपासलं तर दोष गोळीचा की मुळातला, ते कळणारच नाही. ऑपरेशनही परवा नको. मी डॉक्टरांना कळवते."

आईच्या डोळ्यांना धार लागली. "लग्न पंधरा दिवसांवर आलंय. आणि माझ्याच हातानं..."

"आई, लग्न थांबव," मुलगी म्हणाली. "मला भीती वाटते गं. रक्त वाहायला लागलं की आता मरणारच असं वाटतं. तुला सांगायला आले की तू म्हणायचीस, हळू बोल."

आईनं पदरानं डोळे पुसले. मग तिनं तिथूनच मुलाच्या घरी फोन लावला.

"आमच्या मुलीचं रक्त लवकर थांबत नाही," भरल्या खोलीत ती मोठ्यानं बोलली. "तपासणी होऊन उपचार कळेपर्यंत लग्न पुढे ढकलू."

पलीकडून एक शब्द न बोलता फोन ठेवला गेला. मुलगी आईला बिलगली.

फोन ठेवणारं ते घर आपलं नव्हतं, असं आपल्यातल्या किती जणांना छातीवर हात ठेवून सांगता येईल?