देवघरातले ट्रे

"पायताण भाईर," बाळाबाईंनी उंबऱ्यावरच हात आडवा धरला. मालाच्या हातातली पिशवी काढून त्यांनी कडेला ठेवली आणि आत नवरी बसलेली असावी अशा बेतानं दारावरचं घोंगडं बाजूला सारलं.

देवघराच्या खोलीत भिंतीकडेनं टोमॅटोच्या रोपांचे ट्रे मांडलेले होते. खिडकीला गोणपाट ठोकलेलं. समईच्या उजेडात रोपं करंगळीहून लांब, दोऱ्यासारखी बारीक आणि पिवळट-पांढरी दिसत होती. निम्म्यांनी ट्रेच्या कडेवर मान टाकली होती.

"बघ," बाळाबाई म्हणाल्या. "घटाला बी असं कधी आलं न्हवतं."

मालानं वाकून एका रोपाखाली बोट धरलं. रोप बोटावर आडवं झालं आणि तसंच राहिलं.

माहेरी, राधानगरीला, वडील जिन्यावरून पडले म्हणून ती घाईनं निघाली, तेव्हा बी नुकतंच ट्रेमध्ये टाकलं होतं. कोंब दिसले की ट्रे बाहेर शेडनेटखाली उजेडात काढा, एवढंच तिनं सासूला सांगितलं होतं. बाळाबाईंनी ते ऐकलंही होतं. पण बाहेर थंडी, दव, कोंबड्या, आणि वर कोवळ्या जिवाला ऊन! उगवण कशी सांभाळायची हे त्यांना कुणी सांगावं? नवरात्रात त्यांच्या घटाला गल्लीत तोड नव्हती. काळी माती, निवडलेलं धान्य, अंधार आणि वेळेवर शिंपडलेलं पाणी, एवढ्यावर त्या हळदीसारखी पिवळी, सरळसोट रुजवण उभी करत. दसऱ्याला टोपीत खोचायचा तुरा न्यायला माणसं त्यांच्या दारात येत. पिवळं आणि उंच म्हणजे देवी पावली, हा हिशेब त्यांच्या हाडात मुरलेला होता. तो त्यांनी टोमॅटोलाही लावला.

मालाच्या नर्सरीची ही पहिलीच मोठी मागणी होती. पलीकडच्या गावच्या आकारामनं, रोपं ठरल्या तारखेला द्यायची आणि ती शेतात उभी राहिली पाहिजेत, अशा दोन अटी घातल्या होत्या. ती हातची गेली, तर गारगोटीच्या बाजारात तिच्या नर्सरीची शोभा व्हायला एक आठवडा पुरला असता.

पण दुसरी बाजूही होती. "रोपं इकायची? त्यापेक्षा पाणी इक की," असं वर्षभर म्हणणाऱ्या बाईनं आपणहून या धंद्याला हात लावला होता. नवरा, जोतीराम, कागलच्या एमआयडीसीत पाळ्या करायचा. बहुतेक वेळ घरात बोलायला या दोघीच, आणि त्याही बेतानं बोलायच्या. आता तोंड उघडलं, तर तो हात कायमचा मागं जाणार. मालानं दोन्ही बाजू मनात तोलल्या.

"लई वाढलीत की आत्या," ती म्हणाली. "ह्यास्नी आता ट्रे पुरायचं न्हाईत. पिशव्यांत घालूया."

"मग! मी काय म्हणतोय?" बाळाबाई म्हणाल्या.

मालाची ही शिताफी कुणाही मुत्सद्द्यानं मान लववावी अशी होती. तिनं ट्रे आधी नेटखाली सावलीत हलवले आणि दोन दिवस थोडा थोडा उजेड दाखवला. "देवघरात पिशव्या मावायच्या न्हाईत," हे कारण बाळाबाईंना पटलं. जी रोपं बुडातच कुजली होती, ती तिनं सासू दुपारची आडवी झाल्यावर शेडमागं नेऊन पाल्याखाली दडवली.

मग दोघी समोरासमोर बसल्या. माला रोप पानाला धरून उचलायची, लांब देठ पिशवीत सोडायची आणि अगदी पहिल्या दोन पानांच्या खालपर्यंत माती भरायची. वर उरायची फक्त पानं. टोमॅटोचं देठ मातीत गेलं की त्यालाही मुळ्या फुटतात, एवढ्या एका भरवशावर सगळं चाललं होतं. बाळाबाई रोप देठाला धरत होत्या. कोवळं देठ चिमटलं तर रोप जातं. पुढची चार रोपं मालानं मुद्दाम सावकाश, त्यांच्या डोळ्यांसमोर उचलली. पाचव्याला बाळाबाईंची बोटं पानावर गेली.

एकदा हात बसल्यावर मात्र त्या सुनेच्या पुढं गेल्या. गुडघे धरले तर एक पाय लांब करून, पण ओळ सोडली नाही. शेजारची आक्का डोकावून म्हणाली, "काय गं बाळाबाई, सुनंनं कामाला जुंपलं वाटतं?" तर म्हणाल्या, "तुज्यागत कट्ट्यावर बसून गल्ली राखायला मला येळ कुठंय?"

ठरल्या दिवशी आकाराम आला, तेव्हा रोपं सावरली होती. हिरवी झाली होती, पण ठेंगणी होती. त्यानं एक पिशवी उचलली, फिरवून पाहिली आणि माला 'अहो' म्हणेपर्यंत रोप मातीसकट उपसून काढलं. माती झडली. मातीतून लांबच लांब पांढरं देठ लोंबायला लागलं.

"हे काय वैनी?" आकाराम हसला. "वर इवलंसं आणि खाली एवढं! लांबलेली रोपं गाडून इकायला काढलीयास व्हय?"

"उशीर माझ्याकडनंच झाला," माला म्हणाली. "मी माहेरी गेलते."

"तिच्याकडनं काय न्हाय झालेलं," शेडच्या तोंडाशी बसलेल्या बाळाबाई म्हणाल्या. "बी टाकून गेलती ती. उजेडात काढा म्हणून सांगितलंतं. मी अंधारात कोंडून लांबवली. जी मेली ती मागं पाल्याखाली हायत, जाऊन बघा. जी हायत ती हिनं जगवलीत. न्यायची तर न्या पावणं, न्हाईतर वाट मोकळी हाय."

माला पाल्याचं नाव ऐकून जागच्या जागी थांबली.

आकारामनं हातातलं देठ डोळ्यांजवळ नेलं. त्यावर चहूबाजूंनी बारीक पांढऱ्या मुळ्या फुटल्या होत्या. त्या त्यानं नखानं हलकेच खालीवर केल्या. "मुळ्या मातूर जोरात हायत," तो कुरकुरत म्हणाला. "आणि आठ दिस ठेव. सोमवारी टेम्पो धाडतो." आणि उपसलेलं रोप बाळाबाईंच्या हातात देऊन निघून गेला.

बाळाबाईंनी ते पिशवीत परत बसवलं, माती दाबली. मग मान वर न करताच म्हणाल्या,

"पैल्याच दिवशी कळलं मला. राख टाकायला मागं गेलतो, तवा ढीग बघितला."

"आत्या, तुमास्नी वाईट वाटंल म्हणून..."

"वाईट वाटंल म्हणून?" आता त्यांनी मान वर केली. "जोत्याला मी रोज चार शिव्या घालतोय, त्याला वाईट वाटतंय व्हय? तो मला घालतोय, मला वाटतंय? सा वरसं झाली तुला येऊन. चुकलं तर 'चुकलं' म्हणायला ह्या घरात मी काय पावणी हाय?"

सासूचा मान राखला, हे मालानं इतके दिवस जमेला धरलं होतं. तो आकडा समोरच्या बाईनं भलत्याच बाजूला मांडून दाखवला होता.

बाळाबाई उठल्या, रबरी पाइप ओढला आणि नळ सोडला. पाण्याची धार पिशव्यांवर जोरात पडायला लागली. माती उडाली, दोन रोपं कलंडली. माला पाहत राहिली. नेहमीच्या सवयीनं ती पुढं होऊन पाइप हळूच हातातून घेणार होती. पण दोन पावलं टाकून ती थांबली.

"आत्या! बास की पाणी! बुडं कुजतील सगळी, कळत न्हाय व्हय तुमास्नी?"

स्वतःचाच आवाज ऐकून ती दचकली. भिंतीपलीकडं आक्काच्या भांड्यांचा आवाज थांबला.

"वरडू नगंस," बाळाबाई म्हणाल्या. त्यांनी नळ बंद केला, पदराला हात पुसले, आणि आपलं आणखी काय काय चुकतंय ते विचारायला तिच्याजवळ येऊन बसल्या.