रुसव्यांची पंगत

आमच्या घराण्यात दोन गोष्टींचा तुटवडा कधी पडला नाही, मिरच्या आणि रुसवे. मिरच्या बाबा विकतात. रुसव्यांचं काय करायचं म्हणून मी त्यांचा गेम केला.

जालन्याला कम्प्युटर शिकून मी टेंभुर्णीला परत आले, तेव्हा घरात शीतलताईच्या लग्नाची गडबड चालली होती. जेवायला कुणाला कुणाशेजारी बसवायचं यावरून रोज वाद. वैतागून मी मोबाइलवरचा कोड्यांचा गेम बनवला, नाव ‘पंगत’. पाहुणे एकेक उचलून पाटावर बसवायचे. ज्यांचं एकमेकांशी वाकडं ते शेजारी आले, की एक जण पत्रावळ लोटून उठतो आणि डाव संपतो. पाहुण्यांना नावं घरचीच दिली आणि वर तो घरच्या ग्रुपवर टाकला. आगाऊपणा, दुसरं काय!

वाटलं, आता शिव्या पडणार. पडल्या फर्माइशी. धर्मराजमामाला चित्रात फेटा हवा होता. उषाआत्या म्हणाली, “मला शेवटच्या पंगतीत का बसवलं गं?” मी पंगती मागेपुढे करायची सोय केली. आई तर वसकन अंगावर आली, “बायांची पंगत कुठंय? आम्ही उपाशीच राह्याचं का?” बाई असून मला हे सुचलं नव्हतं! लाज वाटली. दुसऱ्याच दिवशी बायांची पंगत बसवली.

गप्प होता फक्त सोमेश्वरकाका, बाबांचा धाकटा भाऊ. मागे एका लग्नात बाबांना फेटा बांधला आणि काकाच्या डोक्यावर नुसती टोपी ठेवली. ‘माझ्या भावालाही बांधा’ असं बाबा बोलले नाहीत. तेव्हापासून दोघांत अबोला. भाऊकीला लग्नाची अक्षत घरी जाऊन द्यावी लागते आणि बाबा काही केल्या जाईनात. लहानपणी काकाच्या खांद्यावरून खाली न उतरणारी ताई रडवेली झाली होती. “काका न्हाई आला, तर मला लग्नात काहीच गोड लागणार न्हाई,” म्हणायची.

आणि एका सकाळी काकाचाच फोन आला.

“तृप्ती, तुझा गेम बराबर न्हाई. कव्हाचा खेळून राह्यलो. एकच पाट उरतो, अन् तो तुझ्या बापाशेजारी.”

मी तपासलं. चूक माझीच होती. त्या डावाला उत्तरच नव्हतं.

“मंग बसव की मला शेजारी,” काका म्हणाला.

“तुम्ही उठून जाता, काका.”

“म्या? त्यानं एकदा ‘बस’ म्हणून तर बघावं!”

मला एकदम उमगलं. पंगतीत आग्रह नको का? मी गेममध्ये आग्रह घातला. यजमानानं स्वतः बुंदी वाढली, की रुसलेला माणूस बसून राहतो. यजमान अर्थात बाबा. काकाला नवा गेम पाठवला, तर लगेच त्याचा फोन.

“गेममधी लई झाक वाढतो. घरी मातर अक्षत घेऊन येईना.”

माझं डोकंच सटकलं. बाबा अंगणात मिरच्या वाळत घालत होते. मी मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरला. “बघा! गेममधला बाप वाकून वाढून राह्यलाय. खऱ्याचं काय अडलंय?”

बाबा बघत राहिले. पडद्यावरचा काका बुंदी खात होता.

“सोमाला लई आवडती बुंदी,” बाबा म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले. हात मिरचीचे. मग काय विचारता! तोंड धुऊन, लालभडक डोळ्यांनी, अक्षत घेऊन ते निघाले. मागे ताई आणि मी.

काका ओट्यावर बसला होता, मोबाइल हातातच.

“अक्षत आणलीया,” बाबा म्हणाले.

काकानं मान वर केली नाही. “बस.”

बाबा शेजारी बसले. काकानं चोरून बघितलं.

“डोळे काऊन लाल झाले?”

“मिरची.”

“अजून त्याच हातानं डोळे चोळतो व्हय, दादा?”

‘दादा’ ऐकलं आणि ताई तिथंच रडत हसायला लागली. काकानं बाबांच्या हातून अक्षत घेतली, कपाळाला लावली आणि तो ताईकडे वळला.

“रडू नको, पोरी. तुझ्या लग्नात बुंदी म्या वाढणार. बघतोच, हा दादा पाटावरून कसा उठतो ते!”