क्वाम्मेंचा वजनकाटा

गुन्नार नेसहाइम यांची मुलगी मी, बोर्गहिल्ड. माझा मुलगा टोरलेफ. आणि टोरलेफची मुलगी सुनिवा. वडिलांनी जाताना मला दोन गोष्टी सोपवल्या: नॉर्थ डकोटातली ही जमीन आणि क्वाम्मे घराण्याचे एक ऋण. वीज पडून आमचा वजनकाटा जळाला, त्या वर्षी क्वाम्मेंनी आमचा सगळा गहू आपल्या काट्यावर तोलून दिला आणि मोबदला घेतला नाही.

म्हणून ऐन सुगीत ऑल्डन क्वाम्मेचा फोन आला, तेव्हा मी सुनिवाला एवढेच म्हणाले, "गाडी काढ."

त्याच्या काट्याबाहेर गव्हाचे नऊ ट्रक खोळंबले होते. वजने गिरणीकडे धाडणारा त्याचा प्रोग्रॅम फार जुना झाला होता. त्या सकाळपासून गिरणी त्याने धाडलेली वजने स्वीकारेना. संगणक ज्यावर चालतो ते लिनक्सही दहा वर्षांपूर्वीचे.

"नवा प्रोग्रॅम नव्या लिनक्सच्या भांडारात मिळतो; त्याचा पत्ता मी संगणकाला दिलाय," ऑल्डन म्हणाला. "फक्त 'हो' दाबायचं राहिलंय. उगाच तुम्हाला त्रास दिला, काकू."

काय येणार आणि काय जाणार याची पडद्यावरची यादी सुनिवाने वरपासून खालपर्यंत वाचली. बियाण्याच्या पोत्यावरची चिठ्ठी वाचल्याखेरीज आमच्या घरी पोते फोडत नाहीत. हे मीच तिला शिकवले आहे.

"ऑल्डनकाका, एक प्रोग्रॅम आणायला संगणकावरची एकशे चाळीस पॅकेजं, म्हणजे बसवलेले प्रोग्रॅम, काढली जाणार आहेत. खालून सातवं बघा."

ऑल्डनने चष्मा पुसला. "काट्याचा ड्रायव्हर."

"काट्याचा आकडा संगणकात येतो तो त्याच्यामुळेच, आणि नव्या लिनक्सवर तो चालत नाही. 'हो' दाबलं असतंत, तर आज गहू ओंजळीने मोजत बसला असतात."

"काकू, नात अगदी तुमच्यावर गेलीय."

"मग कोणावर जायला हवी होती?"

सुनिवाने 'नाही' दाबले आणि नव्या भांडाराचा पत्ता पुसून टाकला. नव्या प्रोग्रॅमचा मूळ कोड तेवढा उतरवून घेऊन, त्याच जुन्या यंत्रावर, तिथल्या जुन्या घटकांना जुळेल असे त्याचे पॅकेज ती बांधू लागली. नवे कापड, जुने माप. एका घटकावाचून काम अडले. तोही तिने तसाच बांधून घेतला.

"ट्रकवाले कुरकुरतायत गं," ऑल्डन म्हणाला.

"त्यांना कॉफी पाजा, काका. तासभर लागेल."

बसवण्यापूर्वी तिने पुन्हा यादी वाचली: येणारी दोन, जाणारे एकही नाही. मगच 'हो' दाबले.

पहिला ट्रक काट्यावर चढला. आकडा उमटला आणि गिरणीची पोच आली.

"हंगामभर टिकेल ना?" ऑल्डनने विचारले.

"हाही हंगाम टिकेल, पुढचाही."

त्याने पाकीट काढले.

"ठेव ते," मी म्हणाले. "तुझ्या वडिलांनी आमचा एक हंगाम तोलला होता."

"अजून ते धरून बसलात?"

"माझ्या वडिलांनी धरलं, मी धरलं. सुनिवाला धरावं लागू नये."

नववा ट्रक तोलून होईपर्यंत मी तिथून उठले नाही. मग ऑल्डनने टोपी काढली.

"फिटलं, काकू. सगळं."