घोड्याचा केस आणि दीड फेरा

टांग्याच्या घोड्याच्या शेपटीचा एक केस.

औषधाची रिकामी बाटली.

नारळाच्या शेंडीचा धागा.

कानावर खोचलेली, न पेटवलेली विडी.

दीड फेरा.

मित्रांनो, एवढ्याशा सामानावर माझा जीव वाचला. मी एक जुने पेट्रोलचे इंजिन आहे. दोघांनी उचलावे एवढेच, पण आवाज गावभर. लढाईच्या दिवसांत विलायतेत माझा जन्म झाला. लढाई संपली आणि खडकीच्या लष्करी लिलावात रंगरावांनी मला घेतले. बैलगाडीत घालून सांगवीला आणले, मुळा नदीच्या काठी पंपाला जोडले. मी पहिल्यांदा पाणी वर फेकले तेव्हा मोटेचे बैल मान वळवून माझ्याकडे बघत राहिले होते. त्यांचे काम मी घेतले होते.

पण मला चालवले ते अंबुबाईने. अंबुबाई म्हणजे रंगरावांची थोरली बहीण. तिचा नवरा खडकीत मिस्त्री होता. तो गेला, पण त्याच्याशेजारी बसून पाने-पकडी धरता धरता ती जे शिकली, ते तिच्याजवळ राहिले. रोज सकाळी ती माझे तेल बघायची. मला गार ठेवणाऱ्या लोखंडी पंख्यांत अडकलेला पाला ब्रशाने काढायची. मी तापलेलो असताना टाकीत पेट्रोल कधी ओतायची नाही. आधी मला गार होऊ द्यायची. आणि माझ्यात हात घालण्यापूर्वी प्लगची तार काढून बाजूला ठेवायची. झोपलेले इंजिनही एखादा आचका देते, हे तिला ठाऊक होते. गावातली माणसे हसत. अंबुबाई इंजिनाला न्हाऊमाखू घालते, म्हणत.

मग ती खंडेनवमी आली. साल पंचावन्न.

त्या दिवशी हत्यारांची पूजा. मला हळदकुंकू लागले, झेंडूची माळ पडली. रंगरावांनी माझ्यासमोर नारळ फोडला आणि मोठ्या मनाने त्याचे पाणी माझ्यावर ओतले. सकाळी पेट्रोल भरताना काढलेले टाकीचे झाकण उघडेच होते.

दसरा झाला. तिसऱ्या दिवशी मी खोकलो, थुंकलो आणि बंद पडलो.

वाफ्यात कोबीची रोपे होती, बोटाएवढी. ऑक्टोबरचे ऊन. मोटेचे बैल केव्हाच विकलेले. रंगरावांनी दापोडीहून भैरू मिस्त्रीला आणले. भैरू ट्रकांचा माणूस. त्याने माझा प्रत्येक स्क्रू पिळला. मी काळा धूर सोडला, मग धूरही सोडेना. भैरूने हात पुसत सांगून टाकले की हे मढे आहे, भंगारात घाला. आणि वर एक टोला हाणला, "बायामाणसांनी लाडावलेलं मशीन हाय, राव. असंच रुसायचं."

रंगराव संतापले. भंगारवाल्याला सांगावा गेला. तो दुपारी येणार होता.

अंबुबाईने एवढेच विचारले, "दुपारपातुर माझं हाय ना ते?"

रंगराव पाठ फिरवून वाफ्याकडे चालू लागले. तिने ते हो धरले.

तिने मला मळ्यातल्या चुलीपासून लांब, जांभळीच्या सावलीत नेऊन ठेवायला लावले. भैरूने विडी ओढायला काडीपेटी काढली होती. "भैरू, इडी कानावर ठेव. न्हाईतर आपल्या दोघांची राख एकाच गाडग्यात भरतील." भैरूने विडी कानावर खोचली.

अंबुबाईने प्लगची तार काढली. टाकीतले पेट्रोल औषधाच्या रिकाम्या बाटलीत उतरवले, बाटली दगडावर ठेवली आणि तिच्याकडे बघत बसून राहिली. हळूहळू बाटलीत एक रेघ उमटली. वर पेट्रोल, खाली गढूळ पाणी. आणि त्या रेघेवर नारळाच्या शेंडीचा एक तांबूस धागा तरंगत होता.

रंगराव एकदम ओरडले, "झाकान कुनी उघडं टाकलं?"

अंबुबाईने वर पाहिले नाही. चारचौघांत मान खाली गेली की आपला भाऊ हट्टाला पेटतो, हे तिला माहीत होते.

"माझ्याच हातनं ऱ्हायलं आसंल, रंगा," ती म्हणाली.

मग तिने माझा कार्बुरेटर उघडला. आत नारळाच्या पाण्याचा चिकटा बसला होता. पेट्रोल ज्यातून येते ते बारीक भोक बुजले होते. भैरूने तार पुढे केली. तिने ती परत केली. तारेने भोक मोठे होते आणि मग इंजिन जन्मभर अधाशासारखे पीत बसते, असे तिने त्याला समजावले. भैरू स्वतः उठला, नाक्यावरच्या टांग्याच्या घोड्याचा केस घेऊन आला. तिने सगळे कोमट पाण्याने धुतले, उन्हात खडखडीत वाळवले, भोकातून केस ओवून काढला. पेट्रोल-हवेच्या मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने बंद केला, मग उलटा दीड फेरा. टाकीत नवे पेट्रोल घातले, सांडलेले थेंब पुसले, पेट्रोलचा डबा दूर नेला. मग प्लगची तार लावली.

दोरी ओढली. एकदा. दोनदा.

तिसऱ्यांदा मी बोललो.

मी तापेपर्यंत ती थांबली. मग कान माझ्याकडे लावून स्क्रू केसभर आत, केसभर बाहेर. माझा श्वास एकसारखा झाला तिथे तिने हात काढला. मला परत पंपाला जोडले, वाफ्यात पाणी गेले. भंगारवाला आला, पाणी पिऊन गेला.

भैरू निघताना तिच्यासमोर उभा राहिला. "आक्का, दीड फेराच का वो?"

"तिथनं सुरुवात करायची. पुढचं त्ये सोता सांगतंय. आपन ऐकायचं."

मित्रांनो, माझी धाव आता थांबली आहे. माझ्या पंख्यांत कोळ्याने घर केले आहे. तरी सांगतो. यंत्राला हात लावण्याआधी त्याला गार होऊ द्या. स्क्रू जोराने पिळू नका. माळ घालायची तर जरूर घाला, पण आधी झाकण लावा. आणि बिघडलेल्यावर ओरडण्याआधी थोडे थांबा, बाटलीत रेघ उमटू द्या.

खंडेनवमीच्या त्या सकाळी अंबुबाई सांगवीत नव्हती. ती माझ्यासाठी नवा प्लग आणायला दापोडीला गेली होती.